अंगावरचं घरात धरत नाहीत

अर्लिस प्रुएट सकाळी कपडे घालताना एक आकडा ठरवायचा. मोजे, पँट, गॅलिस आणि मग आकडा. जायचं कुठे, थंडी किती, कोट कुठला, सोबत बायको वनीटा आहे की नाही, एवढं सगळं लक्षात घेऊन आज अंगावर किती गोळ्या न्यायच्या ते तो ठरवी. आमच्या डोंगरातल्या लिक फोर्क गावात बहुतेक पुरुष हत्यार बाळगतात, थोड्या बायकाही बाळगतात. पण बाकीचे काल होतं तेच आज कमरेला अडकवून निघतात. अर्लिसला ते पटत नसे. कालचा दिवस कालच्यापुरता, असं तो म्हणे.

माझी खानावळ तिठ्यावरच्या पेट्रोल पंपाच्या मागच्या खोलीत आहे. अंडी, सॉसेज, कॉफी, रविवार सोडून. खिडकीशी एक लांब टेबल आहे, त्याच्याशी रोज तीच मंडळी बसत. अर्लिस, गेलन हॅच, ज्याने अर्लिसबरोबर वीज कंपनीच्या खांबांवर चढण्यात उमर घालवली, आणि ब्रदर डॉयल, आमच्या चर्चचा पाद्री, ज्याच्या कोटाखालीही पिस्तूल होतंच. अर्लिस दारातून आत आला की कुणीतरी विचारी, "आज किती?" त्याने लगेच सांगायचं नाही. आधी सगळ्यांनी अंदाज करायचा. ज्याचा अंदाज सगळ्यात लांबचा, त्याने उठून सर्वांचे कप भरायचे. बहुतेकदा ब्रदर डॉयलच उठे. पाद्र्याला दुसऱ्याच्या पापाचा अंदाज येतो, भीतीचा येत नाही, असं गेलन म्हणायचा.

पूर्वी तो आकडा वर्षानुवर्षं पाच होता. बापाकडून आलेलं रिव्हॉल्व्हर, त्यात पाच बसत, विषय संपला. तो पंधरावर गेला एका सापामुळे.

विहिरीच्या पंपाची एक छोटी दगडी खोली त्याच्या घरामागे आहे. तिच्या पायरीवर एका उन्हाळ्यात तांबड्या डोक्याचा विषारी साप वेटोळं घालून पडला होता. अर्लिसने रिव्हॉल्व्हर काढलं. आयुष्यात शत्रूसमोर काढण्याची ती त्याची पहिली आणि एकुलती वेळ. पाचही चुकल्या. एक दगडावर आपटून परत आली आणि पाण्याची बादली फोडून गेली. सापाने मान उचलून पाहिलं. तेवढ्यात वनीटा वाफ्यातून उठून आली, हातातल्या कुदळीने तिने त्याचे दोन तुकडे केले आणि म्हणाली, "बादली नवी आणावी लागेल."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नेम सुधारायला हवा. अर्लिस म्हणाला, पाच पुरत नाहीत.

त्याने पंधरा गोळ्यांचं पिस्तूल घेतलं. मग शेजारच्या जिल्ह्यात दोघांनी मिळून खताचं दुकान लुटलं, तेव्हा टेबलावर कित्येक सकाळी हिशेब चालला. गेलनने तो कागदी रुमालावर मांडला. दोन माणसं. एकेकाला दोन. माणूस घाबरलेला, म्हणजे अर्ध्या चुकणार, म्हणजे दुप्पट. आणि एक हातचा. ब्रदर डॉयलने विचारलं, तीन माणसं आली तर? गेलनने नवा रुमाल घेतला. असं करत करत अर्लिसच्या डाव्या खिशात, जिथे माणूस रुमाल नि चिल्लर ठेवतो, तिथे गोळ्या भरलेली आणखी दोन मॅगझिन आली. त्या वजनाने पट्टा खाली सरके, म्हणून गॅलिस. पट्टा कंबरेत रुते, म्हणून उजव्या मांडीला मुंग्या. डॉक्टर म्हणाला, वजन कमी करा. अर्लिसने भाकरी-बटाटे कमी केले.

वनीटा त्याला सोडायची नाही. माझ्यासमोरच एकदा म्हणाली, "दूध आणायला चाललास की जपान जिंकायला? मेव्हिस, तूच बघ, हा माणूस उद्या नदीत पडला तर सरळ तळाला." अर्लिस लाजल्यासारखा हसायचा. तिच्यापुढे तो नेहमीच थोडा लाजायचा. ती सोबत असली की आकडा वाढे, हे मात्र तिला ठाऊक होतं. त्यावर ती कधी काही बोलली नाही.

मग वनीटाला पिवळेपणा आला आणि स्प्रिंगफील्डच्या दवाखान्यात त्याचं नाव कळलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा केली.

दवाखान्याच्या दारावर हत्यारबंदीची पाटी होती. अर्लिसला सगळं गाडीत काढून ठेवावं लागे. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच दिवसच्या दिवस असा वावरत होता. मी भेटायला गेले तेव्हा तो तिच्या खाटेशी बसला होता आणि उजवा हात पुन्हा पुन्हा कमरेकडे जात होता, तिथे काही न सापडून मांडीवर येत होता. वनीटाने ते पाहिलं. तिचे डोळे हळदीसारखे झाले होते, पण जीभ तशीच होती.

"राहू दे, अर्लिस," ती म्हणाली. "असतं तरी पाचही चुकवल्या असत्यास. आणि माझी कुदळ घरी राहिलीये."

तो हसला. हसता हसता बाहेर निघून गेला.

ऑक्टोबरात ती गेली.

त्यानंतरही तो टेबलाशी येत राहिला. पहिल्यांदा आला तेव्हा सवयीने कुणीतरी विचारलं, आज किती? तो उभाच राहिला. मग म्हणाला, "बघितलं नाही." त्याने खरंच बघितलं नव्हतं. काल रात्री काढलेलं तसंच सकाळी लावून आला होता. कप भरायला कोणी उठलं नाही. मीच जाऊन भरले.

मग तो वस्तू देऊ लागला. वनीटाने भरून ठेवलेल्या लोणच्याच्या, पीचच्या बरण्या मला. खांबावर चढायचा चामडी पट्टा गेलनला. हे सगळं मला कळण्यासारखं होतं. बायको गेलेल्या माणसाचं घर त्याला मोठं होतं. पण एका मंगळवारी त्याने कुत्रं देऊन टाकलं. डोंगरापलीकडच्या कुणा मुलाला. तेरा वर्षांचं म्हातारं कुत्रं, जे गाडीत त्याच्या शेजारी बसून यायचं आणि माझ्या दाराबाहेर सॉसेजच्या तुकड्यासाठी थांबायचं. मी विचारलं तर म्हणाला, त्याला पोरं आवडतात.

मी गेलनला बाजूला घेतलं. त्याला सांगावं लागलं नाही. त्याच सकाळी डीनाचा फोन त्याला येऊन गेला होता. डीना ही अर्लिस-वनीटाची एकुलती मुलगी, उत्तरेला सेंट पॉलमध्ये शाळेत शिकवते. गेलनला ती लहानपणापासून काका म्हणते. नाताळच्या सुटीत येऊन बापाला आपल्याकडे न्यायचं तिने ठरवलं होतं, आणि तो हो म्हणाला होता. तो इतक्या सहज हो म्हणाला याचीच तिला भीती वाटली होती. ती म्हणाली होती, काका, मी येईपर्यंत घरातल्या बंदुका तुमच्याकडे न्या. सगळ्या.

आमच्याकडे हे नवीन नाही. याला बंदुका सांभाळायला नेणं म्हणतात. फौजेतून परत आलेल्या एका पोराच्या एक अख्खा हिवाळा गेलनच्या कोठारात होत्या. का नेतो ते कोणी बोलत नाही. तुझ्या तळघरात ओल आहे म्हणायचं, किंवा जरा साफ करून देतो म्हणायचं. समोरचाही ओल आहे म्हणतो. पोलिसांना, डॉक्टरांना यात कोणी घेत नाही. मित्र येतात, गाडी मागे लावतात, नेतात आणि माणूस सावरला की एके दिवशी तेलपाणी करून आणून देतात. त्याने माणसं वाचलेली मी पाहिली आहेत. म्हणून हे सांगताना मला कुणाला हसायचं नाही.

शनिवारी सकाळी गेलन आणि ब्रदर डॉयल गेले. मी कोंबडीचा रस्सा आणि मक्याचा पाव घेऊन गेले, कारण घरात एक बाई असली की पुरुषांना बोलावं लागत नाही. गेलनने तळघरातल्या ओलीचं सांगितलं. अर्लिस म्हणाला, हो, यंदा ओल फार आहे. आणि स्वतःच बंदुकांच्या तिजोरीची किल्ली घेऊन आला.

तो त्यांना मदतच करत होता. एकेक बंदूक उचलून देताना तिचं सांगे. ही हरणाची. ही आजोबांची, हिचा घोडा जड आहे, जपून. ही वनीटाला वाढदिवसाला दिली होती, तिने हिने एकच टर्की मारली आणि पिसं काढायला मला बसवलं. इतकं बोलताना मी त्याला महिनाभरात ऐकलं नव्हतं. गेलनचा चेहरा मोकळा होत गेला. मला वाटतं, त्याला तेव्हाच वाटलं की काम झालं.

तिजोरी रिकामी झाली. मग अर्लिस स्वयंपाकघरात आला, कमरेचं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं, डाव्या खिशातली दोन्ही मॅगझिन त्याच्या शेजारी ठेवली. आणि खुर्चीवर बसला. पट्ट्याच्या वजनाशिवाय तो खुर्चीत भलताच लहान दिसत होता.

गेलन उभा राहिला. त्याने पिस्तुलाकडे पाहिलं, मग ब्रदर डॉयलकडे.

"म्हणजे हे तुझं रोजचं," तो म्हणाला.

"हो. तेही न्या."

"अरे, पण मग तुझ्याकडे काय?"

अर्लिसने दोन्ही मॅगझिन त्याच्याकडे सरकवली.

इथे जे झालं ते आमच्याच माणसांकडून होऊ शकतं. दोघांच्याही मनात काही खोट नव्हती. डॉयल म्हणाला, रस्त्याच्या टोकाचं घर, पलीकडे खिंडीत ती नशेचं रसायन शिजवणारी पोरं, फोन लागला तर लागला. एकट्या माणसाला असं उघडं टाकून कसं जायचं? गेलनला ते पटलं. पटलं म्हणजे, तो दाराशी घुटमळत होता त्याचं कारण त्याला सापडलं. त्यांनी ठरवलं, पिस्तूल न्यायचं, पण बापाचं जुनं रिव्हॉल्व्हर तिजोरीतून आणलेलं होतं, ते त्याला परत द्यायचं. तेवढं असू दे.

गेलन गाडीतून ते घेऊन आला. आणि मग त्यांचं सुरू झालं, किती द्यायच्या. हे मी ऐकलं आहे. टेबलावर चालायचं तसंच चाललं होतं. आवाज खाली, एवढाच फरक.

अर्लिस म्हणाला, "दोन द्या. दोन पुरे."

"दोन?" गेलन म्हणाला. "दोन काय, साप मारायलाही पुरायच्या नाहीत तुला."

"मग तीन."

"हा काय बाजार आहे का, गड्या? घासाघीस काय करतोस? पाच बसतात, पाच घे. माझ्या मित्राला अर्धं भरलेलं हत्यार देऊन मी घरी जाऊन झोपू?"

मी हात पुसत दारात आले आणि म्हणाले, "गेलन, तेही ने."

तो माझ्याकडे वळला. रागाने नव्हे. तो जरा हसलाही. "मेव्हिस, आम्ही बंदुका न्यायला आलोय. माणसाची पँट काढून न्यायला नाही."

डॉयल हसला. अर्लिसही हसला. आणि तोच मला म्हणाला, "राहू दे, मेव्हिस. त्यांचं बरोबर आहे." मी म्हणाले, बरोबर नाहीये. पण तोवर गेलन गोळ्या भरू लागला होता. एक भरायची, चाक फिरवायचं, पुढची भरायची. मन लावून. लहान मुलाच्या कोटाची बटणं लावावीत तशा त्याने त्या भरल्या आणि रिव्हॉल्व्हर मुठीकडून अर्लिसच्या हातात दिलं.

अंगणात जाऊन गेलनने डीनाला फोन केला. पोरी, घर मोकळं केलं, म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. अंगावरचं घरात धरत नाहीत. सदरा कोणी घरातल्या सामानात मोजतं का? तिकडे डीना रडली असावी, कारण गेलन बराच वेळ नुसता अगं, अगं करत होता.

पुढचे काही दिवस अर्लिस टेबलाशी आला. मांडीच्या मुंग्या गेल्या म्हणाला. पाच आहेत हे सगळ्यांना ठाऊकच, त्यामुळे अंदाज करायला काही उरलं नव्हतं. डॉयल म्हणाला, बघा, फिरून आपल्या बापाच्या आकड्यावर आला, शहाणा झाला. माणसं खूष होती. त्याने एकदा दोन अंडी संपवली. मी ताटली उचलताना त्याच्या कमरेकडे पाहिलं, आणि त्याने मला पाहताना पाहिलं. त्याने कोटाची कड ओढून घेतली.

ज्या सकाळी तो आला नाही त्या सकाळी गेलनने कॉफी अर्धी ठेवली आणि गाडी काढली. घरामागे, विहिरीच्या पंपाच्या खोलीच्या पायरीशी त्याला तो सापडला. टोपी काढून बाजूला, नीट, उलटी ठेवलेली.

डीना आली. दफनानंतर चर्चच्या तळमजल्यावर जेवण होतं. मी हॅम आणि बटाटे वाढत होते. ती ताटाला हात न लावता बसली होती. शेरिफच्या कचेरीतून बापाच्या वस्तू घेऊन आली होती, पाकिटासकट सगळं एका कागदी पिशवीत, पिशवी पायाशी. गेलन तिच्यासमोर जाऊन बसला. त्याने चार दिवसांत दाढी केली नव्हती.

"काका," ती म्हणाली, "मी सगळ्या म्हणाले होते."

"घरातल्या सगळ्या नेल्या, पोरी. एकही ठेवली नाही."

"मग?"

"ती त्याच्या अंगावरची होती."

तिला कळलं नाही. म्हणजे तिला चांगलंच कळलं, ती इथलीच आहे. पण ती इतकी वर्षं बाहेर राहिली की कळल्याचं तिला नवल वाटलं. तिने विचारलं, कुणी दिली? गेलनने सांगितलं, मी. भरलेली? भरलेली. किती? पाच.

"पाच कशाला?"

आणि गेलन सांगू लागला. त्याला दुसरं काय येत होतं? तो म्हणाला, तुझे डॅडी एकटे, खिंडीत ती पोरं, समजा दोघं आले. दोघं म्हणजे एकेकाला दोन, म्हणजे चार, आणि घाबरलेला माणूस अर्ध्या चुकवतो, म्हणून खरं तर पाच कमीच, पण एक हातचा... टेबलावर कागदी रुमाल होता आणि त्याचं बोट त्यावर आकडे काढत होतं. त्याने बोट उचललं आणि कुठे ठेवावं ते न कळून तसंच धरून राहिला.

डीना वाकली, पायाशी असलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "चार परत मिळाल्या आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला हव्यात का?"

बंदुकांचं काय करायचं विचारल्यावर ती मान हलवून नाही म्हणाली. घर दलालाकडे देऊन दोन दिवसांत परत गेली. अर्लिसची सगळी तिजोरी गेलनच्या कोठारातच राहिली. तो दर आठवड्याला तेल लावायचा, असं त्याची बायको सांगे.

गेलन मग टेबलाशी बसेना. यायचा, काउंटरच्या टोकाशी एकटा बसायचा, कप गार होऊ द्यायचा. सॉसेज वाढलं तर म्हणायचा, कुत्र्याला दे. कुठलं कुत्रं, हे मी विचारत नसे. एकदा त्याची बायको माझ्याकडे येऊन गेली, मीठ मागायचं निमित्त करून, आणि सगळा वेळ गेलनबद्दलच बोलली.

मागच्या बुधवारी सकाळी, गर्दी ओसरल्यावर, तो उठला. कोट बाजूला करून त्याने कमरेचं पिस्तूल काढलं आणि बशीशेजारी ठेवलं. नळी भिंतीकडे, रीतीप्रमाणे.

"हे तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "घरातल्या, कोठारातल्या सगळ्या मी मेहुण्याकडे धाडल्यात."

मी हात पुढे केला. खिडकीशी ब्रदर डॉयल एकटाच बसला होता. तो लगबगीने उठून आला. त्याचा चेहरा खरोखर कळवळलेला होता. मी त्याला वाईट म्हणणार नाही. त्याने गेलनच्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, असं काय करतोस? घरी पोचेपर्यंत तरी राहू दे. एवढा लांबचा रस्ता. उद्या आणून दे तिला."

गेलनने त्याच्याकडे पाहिलं. मग काचेतून रस्त्याकडे. त्याचा हात पिस्तुलावर परत आला. माझाही त्यावर होता. लोखंड त्याच्या अंगाने कोमट झालेलं होतं.

"सोड," मी म्हणाले.

तो ओढत नव्हता आणि सोडतही नव्हता. डॉयल म्हणाला, "मेव्हिस, माणसाला असं करू नये." मी म्हणाले, "ब्रदर, तुम्ही जाऊन बसा." पाद्र्याला मी उभ्या जन्मात असं बोलले नव्हते. गेलनची बोटं एकेक करून सुटली. मी ते काउंटरखाली पिठाच्या डब्यामागे सरकवलं आणि डब्यापुढे उभी राहिले.

गेलन बाहेर पडला. कोटाची उजवी बाजू वाऱ्याने उडत होती. आता तिला खाली धरून ठेवायला काही नव्हतं, आणि तो ती हाताने दाबत गाडीकडे चालला. ब्रदर डॉयल टोपी घेऊन त्याच्यामागे धावला. मित्राला असं उघड्या अंगाने एकटं घरी पाठवणं त्याच्याने होईना. मी त्याच्या गाडीच्या मागोमाग जाईन, दारापर्यंत सोडून येईन, असं तो मला सांगून गेला. त्याच्या कोटाखाली होतंच. ते मी मागितलं नाही. मागितलं असतं तर त्याला खरोखर कळलं नसतं, का.